समुद्रात तेल सांडलं, भरपाई कोण देणार?

ऑगस्ट २०१० चे दिवस आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरची घरं विसरलेली नाहीत. पावसाळी बंदी संपत आली होती, जाळी विणून तयार होती आणि रमजान तोंडावर आला होता. ७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. उरण-अलिबागकडच्या किनाऱ्यांवर तेलाचा काळा थर आला आणि लोकांनी भीतीपोटी मासळी घेणं सोडलं. शेजारच्या खाला मासळीची पाटी तशीच घेऊन बाजारातून परतल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, जहाज त्यांचं, तेल त्यांचं. मग आमच्या रोजीचं नुकसान कोण भरणार?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचून जे समजलं ते इथे मांडत आहोत.

हाच प्रश्न १९६७ साली इंग्लंडला पडला होता. १८ मार्चला ‘टोरी कॅनियन’ हे टँकर कुवेतचं सुमारे १,१९,००० टन कच्चं तेल घेऊन येताना इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकावर चढलं. तेल फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलं. जहाजाची नोंदणी लायबेरियाची, मालक कंपनी बर्म्युडाची, कप्तान इटलीचा. दावा कुणावर आणि कुठल्या देशात लावायचा? शेवटी त्याच मालकाचं दुसरं जहाज सिंगापूरला आलं असताना त्यावर जप्तीचा कागद चिकटवावा लागला, तेव्हा कुठे ३० लाख पौंडांवर तडजोड झाली.

या अनुभवानंतर १९६९ साली ब्रुसेल्स इथे टँकरच्या तेलगळतीबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. १९९२ साली त्याची सुधारित आवृत्ती तयार झाली. त्यातल्या तीन गोष्टी आपण लक्षात ठेवाव्यात.

पहिली, जबाबदारी जहाजाच्या मालकाची. त्याची चूक होती हे मच्छीमाराने सिद्ध करायची गरज नाही. युद्ध किंवा अटळ नैसर्गिक संकट अशी मोजकीच कारणं मालकाला सोडवतात. दुसरी, २,००० टनांपेक्षा जास्त तेल वाहणाऱ्या टँकरला विमा सक्तीचा आहे आणि दावा थेट विमा कंपनीवरही करता येतो. तिसरी, मालकाच्या जबाबदारीला जहाजाच्या आकारानुसार रकमेची मर्यादा आहे. नुकसान त्याहून मोठं असेल तर एक आंतरराष्ट्रीय निधी पुढची भरपाई देतो, पण त्यालाही कमाल मर्यादा आहे. वर्षाला दीड लाख टनांपेक्षा जास्त तेल समुद्रमार्गे घेणाऱ्या कंपन्या या निधीत वर्गणी भरतात. भारत या दोन्ही करारांत सामील आहे.

मग २०१० साली या निधीचा उपयोग का झाला नाही? कारण चित्रा हे टँकर नव्हतं, कंटेनरचं जहाज होतं. सांडलं ते जहाजाच्या इंजिनाचं इंधन. अशा इंधनासाठी २००१ चा वेगळा करार आहे. त्यातही जबाबदारी आणि विमा आहे, पण पाठीशी निधी नाही. आणि २०१० साली भारत त्यात सामीलही नव्हता. अशा वेळी देशातल्या कायद्याचाच आधार उरतो. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईजवळ ‘रॅक’ हे कोळशाचं जहाज बुडालं. राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाच्या बाजूच्या कंपन्यांना पर्यावरणाच्या नुकसानीपोटी १०० कोटी रुपये भरायला सांगितले, पण तो आदेश यायला ऑगस्ट २०१६ उजाडला.

म्हणजे जबाबदार कोण, हे कायदा सांगतो. आपलं नुकसान किती, हे मात्र आपल्यालाच दाखवावं लागतं. होडी किंवा जाळं खराब झालं नाही, फक्त धंदा बुडाला, तरी टँकरच्या करारांखाली दावा करता येतो. पण नुकसान त्या तेलामुळेच झालं, हे पटलं पाहिजे. शिवाय नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं, नाहीतर हक्क जातो.

आमच्या वस्तीत खरी अडचण इथेच आहे. होडीचे कागद ट्रंकेत असतात, पण रोजच्या विक्रीचा हिशेब तोंडीच चालतो. पाटी घेऊन फिरणाऱ्या, मासळी सुकवणाऱ्या बायांच्या कमाईचा तर कागदच नसतो. नुकसान त्यांचंही होतं, पण दाखवायला हाती काही नसतं.

म्हणून आमची विनंती आहे. होडीची नोंदणी आणि परवाना चालू ठेवा. डिझेल, बर्फ, लिलाव यांच्या पावत्या फेकू नका. किती मासळी घेतली, कितीला विकली, हे रोज तारीख घालून लिहा. तेल दिसलं तर तारखेसह फोटो काढा, सोसायटीला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.

खालांना लिहिता येत नाही. त्यांची सातवीतली नात रोज मगरिबनंतर दोन ओळी लिहिते: किती घेतलं, किती विकलं. खालांनी विचारलेल्या प्रश्नाला द्यायला आज आमच्याकडे उत्तर आहे. ते कोर्टात टिकवायला ती वही लागेल.