एका ज्यूलची गोळी आणि अडीच किलोची प्लेट

एअरसॉफ्ट हा खेळ १९७० च्या दशकात जपानमध्ये उदयाला आला. सामान्य नागरिकाला बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य करणारा १९५८ चा कायदा त्या देशात लागू असल्यामुळे, खऱ्या शस्त्रासारख्या दिसणाऱ्या पण प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या हवेच्या किंवा वायूच्या दाबाने फेकणाऱ्या बंदुकांना तेथे मोठा ग्राहकवर्ग मिळाला. पुढे १९९१ मध्ये तोक्यो मारुई या कंपनीने विजेच्या मोटारीवर चालणारी, फ्रेंच फामास रायफलची प्रतिकृती बाजारात आणली आणि त्यानंतर हा छंद युरोप-अमेरिकेतही झपाट्याने पसरला. खेळाडूंचे दोन गट जंगलात किंवा ओसाड इमारतींत परस्परांवर चालून जातात, ‘बीबी’ म्हणून ओळखली जाणारी सहा मिलिमीटर व्यासाची गोळी अंगाला लागली की खेळाडू स्वतःच तसे जाहीर करून बाजूला होतो, आणि ठरलेले ठाणे जिंकले की डाव संपतो, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. सैनिकी मोहिमेची तपशीलवार नक्कल करणाऱ्या आणि कधी कधी एक-दोन दिवस सलग चालणाऱ्या डावांना ‘मिलसिम’ म्हणतात, आणि वेशभूषेचा आग्रह तेथे सर्वांत जास्त असतो. या वेशभूषेत ‘प्लेट कॅरिअर’ म्हणजे छातीवर आणि पाठीवर एकेक कठीण पत्रा धरून ठेवणारे, खिसे लावता येतील असे बंडीसारखे आवरण जवळजवळ अनिवार्य झाले असून, त्या आवरणात खरी चिलखती प्लेट घालावी की तिची प्रतिकृती, हा प्रश्न नव्या खेळाडूसमोर लवकरच उभा राहतो.

हा प्रश्न समजण्यासाठी खरी प्लेट कशासाठी घडवलेली असते हे आधी पाहावे लागते. अमेरिकी सैन्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वीकारलेल्या ‘सापी’ या प्लेटमध्ये बोरॉन कार्बाइड किंवा सिलिकॉन कार्बाइड या अत्यंत कठीण सिरॅमिकचा पुढचा थर आणि त्याच्यामागे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनच्या तंतूंचा दाबून बसवलेला थर अशी रचना असते. गोळी आदळताच सिरॅमिक स्वतः फुटते, पण फुटताना गोळीचे टोक चेपते, तिचे तुकडे करते आणि आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवते. उरलेले तुकडे मागचे तंतू ताणले जाऊन अडवतात. मध्यम मापाची सापी प्लेट सुमारे २४ सेंटिमीटर रुंद, ३२ सेंटिमीटर उंच आणि १.८ किलो वजनाची असते, तर २००५ च्या सुमारास आलेली तिची सुधारित आवृत्ती, जी चिलखतभेदी गोळीही थोपवते, सुमारे अडीच किलो भरते. हे माप अंगभर संरक्षणाचे नसून हृदय, त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि फुप्फुसांचा बराच भाग झाकण्यापुरते ठरवलेले असते. म्हणूनच प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळगीशी येणे अपेक्षित असते, आणि बंदुकीचा दस्ता खांद्याला नीट टेकावा म्हणून तिचे वरचे दोन्ही कोपरे तिरके कापलेले असतात.

या प्लेटची परीक्षा कशी होते ते पाहिले की खेळातील गोळी आणि युद्धातील गोळी यांतले अंतर आकड्यांत दिसते. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या संस्थेच्या २००८ च्या मानकानुसार तिसऱ्या श्रेणीच्या प्लेटने ९.६ ग्रॅम वजनाची, सेकंदाला ८४७ मीटर वेगाने येणारी ७.६२ मिलिमीटरची रायफलची गोळी अडवली पाहिजे. त्या गोळीची गतिज ऊर्जा सुमारे ३,४४० ज्यूल भरते. केवळ गोळी आरपार न जाणे पुरेसे नसते, तर प्लेटच्या मागे ठेवलेल्या विशिष्ट चिकणमातीत पडणारा खळगा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल जाता कामा नये, कारण त्याहून मोठा आघात बरगड्या आणि आतील अवयव सहन करू शकत नाहीत असे गृहीत धरलेले आहे. एअरसॉफ्टची ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली तर तिची ऊर्जा अवघी एक ज्यूल असते. जपानने २००६ मध्ये कायदा दुरुस्त करून सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी मर्यादा याच्याही किंचित खाली ठेवली, आणि ब्रिटनने २०१७ च्या कायद्यात स्वयंचलित बंदुकीसाठी १.३ व एकेक गोळी झाडणाऱ्या बंदुकीसाठी २.५ ज्यूल अशी सीमा आखली. तीन हजारांहून अधिक ज्यूल पचवण्यासाठी बनवलेली वस्तू एका ज्यूलपुढे उभी करण्याला संरक्षणाच्या दृष्टीने काहीच अर्थ उरत नाही, कारण तेवढ्यासाठी जाड सुती सदराही पुरतो.

तरीही प्लेट लागते, याची कारणे वेगळी आहेत. प्लेट कॅरिअरची शिलाईच मुळात आत कठीण पत्रा असेल असे धरून केलेली असते. तो नसला की आवरण पोटाकडे ढळते, पुढच्या खिशांतील मॅगझिनांच्या भाराने वाकते आणि धावताना अंगावर आपटत राहते. दुसरे कारण दिसण्याचे आहे, कारण विशिष्ट देशाच्या विशिष्ट काळातील सैनिकाचे रूप धारण करणाऱ्याला छातीवरची सपाट, ताठ चौकट हवी असते. तिसरे कारण वजनाचे असून ते सर्वांत कमी खेळाडूंना लागू पडते, मात्र ज्यांना लागू पडते ते त्याबाबत फार आग्रही असतात: सैनिकाला ज्या ओझ्याखाली हालचाल करावी लागते त्याचा अनुभव घेणे हाच त्यांच्या लेखी खेळाचा गाभा असतो, आणि काही मिलसिम आयोजकही रिकामे कॅरिअर घालून येण्यास मनाई करतात. या तीन गरजांपैकी पहिल्या दोन प्रतिकृतीने पूर्ण होतात. तिसरीसाठीही खरे चिलखत आवश्यक नसते, कारण हवे असते ते वजन, आणि वजन कशाचेही असू शकते.

प्रतिकृतींचे ढोबळ प्रकार तीन. चपलांच्या तळव्यांना वापरतात त्या ईव्हीए फोमच्या प्लेटा सर्वांत स्वस्त आणि हलक्या असतात. त्या कॅरिअरला आकार देतात, पडल्यास फुटत नाहीत आणि पालथे झोपून सरपटताना बरगड्यांना टोचत नाहीत, मात्र काही हंगामांनंतर त्या दबतात आणि त्यांच्या कडा झिजतात. कठीण प्लॅस्टिकच्या साच्यातील प्लेटा दिसायला खऱ्याच्या अधिक जवळ जातात, आणि चांगल्या बनावटीच्या प्लेटांना छातीच्या गोलाईनुसार दोन दिशांनी वाक दिलेला असतो, जो एकाच दिशेने वाकवलेल्या किंवा अगदी सपाट पत्र्यापेक्षा कितीतरी सुखकर ठरतो. तिसरा प्रकार भरीव वजनाच्या प्लेटांचा असून त्या बहुधा व्यायामासाठी बनवलेल्या असतात आणि खऱ्या प्लेटचे माप व वजन दोन्ही देतात. कोणताही प्रकार घेतला तरी खरी निवड मापाची असते. बरेच खेळाडू अंगाच्या मानाने मोठी प्लेट घेतात आणि मग त्यांना ना मान खाली घालता येते, ना बंदूक खांद्याशी नेता येते. स्तनाग्रांमधील अंतर ही रुंदी आणि गळ्याच्या खळगीपासून बेंबीच्या चार-पाच बोटे वरपर्यंतचे अंतर ही उंची धरली, तर फारशी चूक होत नाही.

खऱ्या प्लेटच्या बाजूने बोलणाऱ्यांचे एक म्हणणे असे असते की एकदा पैसे खर्चायचेच तर प्रसंगी जीव वाचवेल अशी वस्तू घ्यावी. वरवर व्यवहारी वाटणाऱ्या या युक्तिवादात मोठी फट आहे. सिरॅमिक प्लेट एका अर्थी काचेच्या बरणीसारखी असते: झाडांच्या मुळांवर, दगडांवर, सिमेंटच्या जिन्यावर दर आठवड्याला आदळणाऱ्या प्लेटमध्ये कापडी वेष्टणाखाली तडे गेलेले बाहेरून दिसत नाहीत. अमेरिकी लष्कर याच कारणाने वापरातील प्लेटांची क्ष-किरणांनी तपासणी करते, आणि ती सोय सामान्य खेळाडूला नसते. म्हणजे जी प्लेट रविवारी खेळात वापरली तिच्यावर संकटकाळी विसंबता येत नाही, आणि जिच्यावर विसंबायचे ती खेळात वापरता येत नाही. शिवाय सापीसारख्या लष्करी प्लेटा एकट्याने वापरण्यासाठी नसतातच. त्यांची घोषित क्षमता मागे केवलारसारख्या तंतूंचे मऊ चिलखत असेल तरच लागू होते. पोलादी प्लेटा तडकत नाहीत, परंतु त्यांच्यावर गोळी फुटून उडणारे तुकडे हनुवटीकडे व दंडाकडे जाण्याचा धोका असतो, आणि जोडीचे वजन सहज सात-आठ किलोंवर जाते. केवळ पॉलिथिलीनच्या प्लेटा हलक्या असतात. मात्र त्या महाग असून पोलादी गाभ्याच्या गोळ्यांपुढे त्यांतल्या अनेक निष्प्रभ ठरतात. त्यातच उन्हाळ्यातील डावात छाती-पाठीवरचा हा बंद थर घामाला वाट देत नाही, आणि उष्माघाताची शक्यता बीबीमुळे होणाऱ्या कोणत्याही इजेपेक्षा अधिक खरी आहे.

एक परिणाम मात्र खऱ्या आणि नकली दोन्ही प्लेटांना समान लागू होतो, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. पेंटबॉलमध्ये अंगावर रंग फुटतो, एअरसॉफ्टमध्ये कोणतीही खूण उरत नाही. त्यामुळे सारा खेळ गोळी लागल्याचे ज्याचे त्याने कबूल करण्यावर उभा आहे. कबूल करण्यासाठी ती आधी जाणवावी लागते. लांबून येऊन मंदावलेली बीबी नायलॉनचे जाड कापड, मॅगझिनांनी भरलेले खिसे आणि त्यामागची प्लेट यांच्यावर आदळते तेव्हा धावणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही, आणि समोरच्याला मात्र हा मनुष्य खोटेपणा करतो आहे असे वाटते. कठीण प्लेटवर निदान आवाज तरी उमटतो, मऊ फोम तोही गिळून टाकतो. मैदानावरील भांडणांपैकी काही या साध्या भौतिक कारणातून उद्भवतात असे मानायला जागा आहे. ज्याला खेळातील सचोटी वेशभूषेइतकीच महत्त्वाची वाटते त्याने शक्य तितकी पातळ प्लेट निवडावी आणि तिच्यावर खिशांचे थर चढवू नयेत, हे त्यावरचे बरेसे उत्तर आहे.

खऱ्या प्लेटभोवती कायद्याचे जे कुंपण आहे ते देशागणिक बदलते. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात दोन बँक दरोडेखोरांनी अंगभर चिलखत घालून पोलिसांच्या पिस्तुलांना दीर्घकाळ दाद दिली नाही. २००२ मध्ये हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तींना चिलखत बाळगण्यास बंदी घालणारा संघीय कायदा अमेरिकेत झाला. मे २०२२ मध्ये बफेलो येथील सुपरमार्केटमध्ये हल्लेखोराच्या चिलखतामुळे सुरक्षारक्षकाची गोळी वाया गेली, आणि न्यूयॉर्क राज्याने ठराविक व्यवसायांपलीकडील लोकांना चिलखताची खरेदी बंद केली. पहिल्यांदा संमत झालेल्या कायद्यातील व्याख्या मऊ जॅकेटांपुरती होती. हल्लेखोराने घातलेले पोलादी प्लेटांचे चिलखत तिच्यात बसत नाही हे लक्षात आल्यावर ती काही आठवड्यांतच रुंदावावी लागली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया व अल्बर्टा या प्रांतांत परवाना लागतो, ऑस्ट्रेलियात परवानगीशिवाय आयात होत नाही, आणि जर्मनीत सार्वजनिक मोर्चे-सभांना असे संरक्षक साहित्य घालून जाणे गुन्हा ठरते. अमेरिकेतून वरच्या श्रेणीच्या प्लेटा निर्यात-परवान्याविना बाहेर पाठवता येत नाहीत, आणि लष्करी शिक्का असलेली प्लेट हाती आली तर ती अधिकृत विल्हेवाटीतून आली की कोठारातून पळवलेली, हा प्रश्न घेणाऱ्यालाही चिकटतो. फोमच्या तुकड्याला यांतले काहीच सहसा लागू होत नाही.

प्रतिकृतीचा धोका उलट्या दिशेचा आहे. ती जितकी हुबेहूब तितकी ती खरी समजली जाण्याची शक्यता अधिक, आणि २०२२ च्या शरद ऋतूत रशियाने सक्तीची भरती सुरू केल्यानंतर काही नव्या सैनिकांच्या अंगावर एअरसॉफ्टची निरुपयोगी बंडी आढळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ही भीती कल्पनेपुरती राहिली नाही. महाराष्ट्राला हा विषय अगदी परका नाही, कारण २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर पोलिसांच्या बुलेटप्रूफ जॅकेटांच्या दर्जावरून येथे दीर्घ वाद झाला. भारतीय मानक ब्युरोचे या जॅकेटांसाठीचे आयएस १७०५१ हे मानक त्यानंतर दहा वर्षांनी, २०१८ मध्ये आले. प्रतिकृती बाळगणाऱ्याने तिच्या दोन्ही बाजूंवर ती नकली असल्याचे ठळकपणे आणि न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावे, आणि विकताना तो मजकूर खरवडू नये.

एअरसॉफ्टमध्ये खरी इजा होते ती डोळ्यांना आणि दातांना, आणि खऱ्या प्लेटसाठी राखलेला पैसा तेथे खर्च करणे शहाणपणाचे आहे. युरोपच्या ईएन १६६ या मानकात डोळ्यांच्या संरक्षक साहित्यावर सहा मिलिमीटरची पोलादी गोळी डागून पाहतात. ‘एफ’ खुणेच्या चष्म्यासाठी तिचा वेग सेकंदाला ४५ मीटर असतो आणि त्यातून निर्माण होणारी ऊर्जा एका ज्यूलच्याही खाली राहते, म्हणजे हा चष्मा कायदेशीर मर्यादेतील अनेक एअरसॉफ्ट बंदुकांपुढे अपुरा पडू शकतो. ‘बी’ खुणेच्या गॉगलसाठी वेग १२० मीटर असून ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास जाते. त्यामुळे चेहऱ्याला घट्ट बसणारा ‘बी’ खुणेचा गॉगल आणि खालच्या जबड्यावर तारेच्या जाळीचा मुखवटा ही जोडी पुरेशी मानली जाते. चांगल्या मैदानांवर प्रवेशद्वाराशीच गॉगलवरची खूण तपासली जाते. प्लेटची चौकशी, एखाद्या मिलसिमचा अपवाद सोडला तर, कोणी करत नाही.