कुऱ्हाडीची दाढी

भट्टीतून निघालेलं लोखंड पिवळंधमक, जवळजवळ पांढरं झालं होतं आणि त्यावर टाकलेला टाकणखार वितळून खदखदत होता. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरची ही लोहारशाळा. व्हायकिंग घाटाची, पण लाकूड कोरण्यासाठीची कुऱ्हाड घडत होती. जाड पट्टी दुमडून दांड्यासाठी नेढं ठेवलेलं, आणि दुमडीच्या दोन टोकांमध्ये पोलादाचा पातळ तुकडा सरकवलेला. आता सांधा बसायचा होता. मला वाटलं, घणाघाती घाव पडतील. पण पहिले ठोके हलके नि भराभर पडले, नेढ्याकडून धारेकडे सरकत. वितळलेला टाकणखार आतला मळ घेऊन कडेनं चिळकांड्यांसारखा उडत होता. तो आत अडकला, तर सांधा वरून पक्का दिसतो आणि आतून पोकळ राहतो. जोरकस घाव सांधा धरल्यावरच.

व्हायकिंग काळात पोलाद दुर्मीळ होतं, म्हणून ते फक्त धारेपुरतं. बाकीचं मऊ लोखंड झटका सोसतं. आज एकसंध पोलादातून कुऱ्हाड करणं सोपं आहे, बहुतेक जण तसंच करतात. जुनी रीत राखणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. सांध्याची ती रेषा हातात घेऊन पाहिली की हजार वर्षांपूर्वीची काटकसर कळते.

सिनेमांनी या कुऱ्हाडीला रक्त चिकटवलंय. पण याच बेटावर 1936 साली मेस्टरमिर इथे शेत नांगरताना ओकची एक पेटी वर आली, तिच्याबरोबर दोनशेहून जास्त वस्तू, आणि त्यांतली बहुतेक सुतार-लोहाराची हत्यारं! कुऱ्हाडी, तासण्या, कानशी, सांडशी. जहाजांचंही तेच. 1042 च्या सुमारास डब्लिनमध्ये बांधलेलं नि डेन्मार्कच्या रोस्किल्डे खाडीत सापडलेलं स्कुल्डेलेव्ह-2 हे जहाज सुमारे तीस मीटर लांब होतं. त्याच्या फळ्या करवतीनं कापलेल्या नाहीत. ओक पाचरींनी उभा फोडून त्या कुऱ्हाडीनं तासल्या. रोस्किल्डेच्या संग्रहालयात त्याची प्रतिकृतीही तशाच पद्धतीनं बांधली.

पात्याचा खालचा भाग दांड्याच्या बाजूला लोंबतो, तीच दाढी. लोखंड न वाढवता धार लांब मिळते. शिवाय दाढीमागच्या मोकळ्या जागेत बोटं जातात, मूठ थेट धारेच्या पाठीशी येते. लोहारांनी बर्चच्या ओल्या ओंडक्यावर ते करून दाखवलं. दांड्याच्या टोकाला धरून चमच्याचा ढोबळ आकार पाडला, मग मूठ वर सरकवली आणि कागदासारखे पातळ ढलपे निघू लागले.

पाणी पाजायचं काम अंधाऱ्या कोपऱ्यात चालतं, रंग नीट दिसावा म्हणून. लाल झालेली धार चुंबकाला चिकटेनाशी झाली, तरी जराशी आणखी तापवून ती तेलात बुडवली. तिच्यावर कानस फिरवली, तर ती नुसती घसरली. इतकी कडक धार काचेसारखी तडकते. म्हणून घासून चकचकीत करून हलकं तापवलं, तेव्हा नेढ्याकडून फिकट पिवळा रंग सावकाश पुढे सरकला. तो धारेला टेकताच गार केली.

दांडा अ‍ॅशच्या लाकडाचा, रेषा पात्याच्या दिशेनं धरून बसवलेला. काही कारागीर एक बाजू जवळजवळ सपाट ठेवून दुसऱ्या बाजूनं जास्त उतार काढून मागतात. त्यामुळे उजव्या नि डावखुऱ्या माणसाची कुऱ्हाड वेगळी होते. म्हणून ऑर्डर घेताना इथे नक्षीचं मागाहून बघतात, आधी विचारतात, कोणत्या हातानं काम करता?