‘एमआरआय नॉर्मल’ म्हणजे मेंदू निर्दोष नव्हे

“एमआरआय नॉर्मल आलाय, म्हणजे ऑपरेशनचा प्रश्नच नाही. आता जन्मभर गोळ्या.” फिट येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. त्यांची नाही, ही समजूत त्यांच्या गळी उतरवणाऱ्यांची.

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या मशीनवर, त्या पद्धतीने काढलेल्या चित्रांत, ती वाचणाऱ्याला काही दिसलं नाही.

फिटच्या मुळाशी असा न दिसलेला दोष असू शकतो. गर्भात मेंदूची बाहेरची साल घडताना एखाद्या जागी पेशींची मांडणी चुकते. याला फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया म्हणतात. टेलर आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्याचं वर्णन केलं. ही गाठ नसते. कुठे साल किंचित जाड, कुठे करड्या आणि पांढऱ्या भागातली सीमा पुसट, तीही कधी मेंदूच्या घडीच्या अगदी तळाशी. नेहमीच्या एमआरआयचे काप चार-पाच मिलिमीटर जाडीचे असतात, मध्ये फटीही असतात. एवढा बारीक दोष त्यांत सहज हरवतो.

अतिशयोक्ती वाटत असेल, तर जर्मनीतल्या बॉन इथला २००२ चा अभ्यास पाहा. नेहमीचा एमआरआय सामान्य तज्ज्ञांनी वाचला तेव्हा मेंदूतले स्थानिक दोष ३९ टक्के सापडले. तोच अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, जाणकारांनी वाचला तेव्हा ५० टक्के. आणि खास अपस्मारासाठी काढलेला एमआरआय जाणकारांनी वाचला तेव्हा ९१ टक्के. म्हणून तर इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीच्या गटाने २०१९ मध्ये एक मिलिमीटरचे, फटी न सोडणारे, टी-वन आणि फ्लेअर या पद्धतींचे त्रिमितीय काप सुचवले. तेव्हा डॉक्टरांना विचारा: हा एपिलेप्सी प्रोटोकॉल, म्हणजे खास अपस्मारासाठीचा एमआरआय, होता का? मूल दोन वर्षांच्या आतलं असताना एमआरआय झाला असेल, तर पुन्हा करावा लागू शकतो. त्या वयात मज्जातंतूंवरचं आवरण पुरतं तयार नसल्याने दोष झाकला जातो.

“मग थेट पेट स्कॅनच करू, तो सगळ्यात भारी.” पेट एमआरआयची जागा घेत नाही. फिट नसताना साखर कमी वापरणारा भाग त्यात मंद दिसतो, आणि तो बहुधा मूळ दोषापेक्षा मोठा असतो. त्यावरून कुठवर कापायचं हे ठरत नाही. पण तो एमआरआयवर बसवून पाहिला, की आधी निसटलेली पुसट कडा पुष्कळदा त्याच जागी सापडते. पेटचा खरा उपयोग हा.

फिटच्या वेळचा मेंदूतला रक्तप्रवाह टिपणारा स्पेक्ट स्कॅन कधीही करून चालत नाही. फिट सुरू होताच काही सेकंदांत इंजेक्शन द्यावं लागतं. फंक्शनल एमआरआय दोष शोधत नाही, बोलण्याच्या आणि हालचालीच्या जागा दाखवतो. सीटी कॅल्शियमचे डाग छान टिपतो, डिस्प्लेजिया मात्र बहुतेकदा नाही. आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, तो पुन्हा करायला त्यासाठी घाबरू नका.

“ऑपरेशन अगदी शेवटी.” योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही फिट थांबत नसतील, तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार, आणि तपासणीची वेळ तीच. दिल्लीच्या एम्समधल्या अशा ११६ मुलांच्या अभ्यासात (२०१७) शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं वर्षाने फिटमुक्त होती, फक्त औषधांवरची ७ टक्के. धोकेही होते: शस्त्रक्रियेच्या ५७ मुलांपैकी १९ जणांना गंभीर त्रास झाले, बहुतेकांच्या एका अंगाची ताकद कमी झाली. हे दोन्ही आकडे आईवडिलांसमोर ठेवायला हवेत, आणि तेही फिटमध्ये मुलाची शाळेची वर्षं निघून जाण्याआधी.