लाइम रोगाचे पहिले आठवडे : प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचा मागोवा

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, लाइम आणि शेजारच्या गावांमधील अनेक मुलांचे सांधे एकाच सुमारास सुजत असल्याचे १९७५मध्ये तेथील मातांनी आग्रहाने निदर्शनास आणले, आणि येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर व स्टीफन मालाविस्टा यांनी केलेल्या तपासातून एका स्वतंत्र रोगाची ओळख पटली. विली बर्गडॉर्फर यांना १९८१मध्ये गोचिडांच्या आतड्यात या रोगास कारण ठरणारे मळसूत्री आकाराचे जिवाणू सापडले व पुढे त्या जिवाणूला ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ हे नाव मिळाले. त्यानंतर हा जिवाणू शरीरात शिरताच प्रतिकारशक्ती काय करते, या प्रश्नाकडे संशोधक वळले.

१९८०च्या दशकातील अभ्यास प्रामुख्याने प्रतिपिंडांचा, म्हणजे जंतूंना ओळखून चिकटणाऱ्या रक्तातील प्रथिनांचा होता. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत आयजीएम हे प्राथमिक प्रतिपिंड दिसू लागतात आणि आयजीजी हे अधिक टिकाऊ प्रतिपिंड त्यांच्या मागून येतात, असे आढळले. त्यामुळे गोचिडाच्या दंशाभोवती लाल चट्टा पसरत असतानाही अनेक रुग्णांची रक्तचाचणी नकारार्थी येते. यावरून प्रतिकारशक्ती उशिरा जागी होते असे वाटणे साहजिक होते, परंतु तो चट्टा हीच तिच्या तत्परतेची खूण आहे. जिवाणूच्या पृष्ठभागावरील मेदयुक्त प्रथिने पेशींवरील ‘टीएलआर-२’ हा ग्राही ओळखतो, हे १९९९मध्ये स्पष्ट झाले; या ओळखीतूनच भक्षक पेशी दंशाच्या जागी गोळा होतात आणि दाह निर्माण होतो.

एवढ्या त्वरेने प्रतिकार होऊनही जिवाणू का टिकतो, याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळत गेले. गोचीड रक्त पिऊ लागताच जिवाणू आपले ‘ओएसपीए’ हे पृष्ठप्रथिन कमी करून ‘ओएसपीसी’ वाढवतो, हे १९९५मध्ये दिसले. गोचिडाच्या लाळेतील ‘सॅल्प १५’ हे प्रथिन या ओएसपीसीला चिकटून त्याला प्रतिपिंडांपासून आडोसा देते, हे २००५मध्ये कळले. शरीरात स्थिरावल्यावर जिवाणू ‘व्हीएलएसई’ या प्रथिनाची रचना सतत बदलत राहतो, त्यामुळे आधी तयार झालेले प्रतिपिंड अपुरे ठरतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत निकोल बाउमगार्थ व सहकाऱ्यांनी २०११ ते २०१५ या काळात उंदरांवर केलेल्या प्रयोगांनी याहून खोल कारण पुढे आणले. जिवाणू लसीकाग्रंथींत पोहोचतो, तेथे प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशींची संख्या झपाट्याने वाढते, पण ज्या जननकेंद्रांत या पेशी अचूकता आणि दीर्घकालीन स्मृती मिळवतात, ती केंद्रे लवकरच विस्कटतात; संसर्गकाळात दिलेल्या इन्फ्लुएन्झाच्या लसीलाही अशा उंदरांचा प्रतिसाद दुबळा ठरला. म्हणजे प्रतिसादाचा अभाव हे मूळ दुखणे नसून त्याचे परिपक्व न होणे हे आहे.

या अर्धशतकी अभ्यासाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. सुरुवातीच्या आठवड्यांतील नकारार्थी चाचणी संसर्ग नाकारू शकत नाही आणि लवकर दिलेल्या प्रतिजैविकांमुळे प्रतिपिंड पुढेही न उमटण्याची शक्यता असते, म्हणून गोचिडांच्या प्रदेशातील रुग्णाच्या त्वचेवर विशिष्ट चट्टा दिसताच चाचणीची वाट न पाहता उपचार सुरू करणे, हीच प्रतिकारशक्तीच्या या मर्यादेला वैद्यकाने दिलेली योग्य जोड आहे.