सावनदुर्ग: खरी परीक्षा उतरताना

बंगळुरूहून मागडी रस्त्याने पश्चिमेला निघालात की साधारण 50 किलोमीटरवर सावनदुर्ग दिसतो. ‘दुरून डोंगर साजरे’ ही आपली म्हण इथे चालत नाही, कारण हा डोंगर दुरूनच धडकी भरवतो. पायथ्याला झाडी आहे, पण तिच्यातून वर आलेला असतो एकच अवाढव्य, उघडाबोडका दगड. समुद्रसपाटीपासून उंची 1226 मीटर. आशियातल्या सर्वांत मोठ्या अखंड शिळांमध्ये त्याची गणना होते.

पुण्या-नाशिककडून नोकरीसाठी इथे आला असाल आणि राजगड, हरिश्चंद्रगड पायाखालून गेले असतील, तर मनात येईल, अर्ध्या दिवसाचं तर काम! चढायला खरंच दोन-तीन तास पुरतात. पण सह्याद्रीत तयार झालेले पाय इथे जरा गोंधळतात, आणि त्याचं कारण दगडातच आहे.

आपला सह्याद्री लाव्हाचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. काही थर टणक, काही ठिसूळ, म्हणून झीज होताना आपोआप टप्पे पडले. त्यामुळे गडावर जाताना एक कडा झाला की सपाटी मिळते, कारवीला धरता येतं, कातळात खोबणी असतात. सावनदुर्गचा ग्रॅनाइट मात्र जमिनीच्या पोटात खोलवर थिजलेला, वय सुमारे 250 कोटी वर्षं. वरचं ओझं झिजून गेलं, दाब कमी झाला आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखी याची सालं निघत गेली. उरला तो गुळगुळीत घुमट. टप्पा नाही, खोबण नाही, धरायला काही नाही. घोरपडीसारखं चिकटून जावं म्हटलं तरी बोटं रोवायची कुठे?

इथे भरवसा फक्त तळव्यांवर. कोरड्या ग्रॅनाइटवर चांगल्या सोलचे बूट छान पकड घेतात. अट एकच, पूर्ण पाऊल टेकवायचं. चवड्यांवर चढलात की पोटऱ्या भरून येतात. नाकासमोर सरळ न जाता नागमोडी चढा. आणि दगडावरचे काळे ओघळ दिसतील ना, त्यांच्यापासून लांब राहा. पाणी वाहतं तिथे शेवाळ धरतं, आणि थोडंसं ओलं झालं तरी ते साबणासारखं निसटतं. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडंही याच खडकावर नांदतात. ओली असताना त्यांच्यावरही पाय नको.

चढणं एकवेळ जमून जातं, कारण चढताना डोळ्यांसमोर दगड असतो. उतरताना समोर फक्त दरी. आणि तिथेच सोबत कोण आहे, हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

मी मैत्रिणीबरोबर गेले होते. ती कोल्हापूरची, माझ्यापेक्षा जास्त गड चढलेली. चढाचा मोठा भाग संपला होता. एका उभ्या उतारावर तिने सहज मागे वळून पाहिलं आणि खालीच बसली. हात थरथरत होते. मग ती म्हणाली, “तू जाऊन ये वर. मी बसते इथे.”

हे वाक्य तुम्हालाही कधीतरी ऐकू येईल. माझं स्पष्ट मत आहे, ते कधीच मान्य करू नका. उघड्या दगडावर सावली नसते. तापलेल्या खडकावर अर्धा तास एकटं बसलेल्या माणसाची भीती कमी होत नाही, वाढते. त्यातून एकटीने उतरायचा प्रयत्न केला, तर सगळा उतार सारखाच दिसतो आणि वाट कुठल्या कुठे सुटते. आम्ही निघतानाच ठरवलं होतं, दोघींपैकी कुणीही ‘परत’ म्हटलं की परत, वाद नाही. ती ‘परत’ म्हणत नव्हती, मला वाईट वाटू नये म्हणून. म्हणून मीच म्हटलं. वरचा नंदीचा मंडप राहिला. अजूनही राहिलाय.

मग उतरलो कसे? आधी पंधरा मिनिटं नुसतं बसून. पाणी, चिक्की, इकडच्या-तिकडच्या गप्पा. थरथर थांबल्याशिवाय उठायचं नाही. नंतर मी दोन पावलं पुढे आणि जरा बाजूला, म्हणजे तिला दरीऐवजी माझी पाठ दिसत राहील आणि पाय सुटलाच तर ती थेट माझ्यावर येणार नाही. हात धरू नका. एक घसरला तर दोघं जातात. भीती वाटली की शरीर मागे रेलतं, आणि नेमके तेव्हाच पाय पुढे निसटतात. त्यामुळे गुडघे किंचित वाकवून वजन पावलांवरच ठेवायचं. अगदीच उभा उतार असेल तर खुशाल बसून सरका. पँट फाटेल, फाटू दे.

इथे भीती वाटली म्हणून लाजायचं कारण नाही. टिपू सुलतानाच्या काळात हा किल्ला अजिंक्य समजला जाई. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो 21 डिसेंबर 1791 रोजी घेतला. (त्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो.) तोफा आणि शिड्या घेऊन आलेल्यांनाही हा दगड सोपा वाटला नसणार.

जायचं ठरवलंत तर निघण्यापूर्वी वनखात्याची परवानगी आणि ऑनलाइन नोंदणीचे सध्याचे नियम बघून घ्या. पावसाळ्यात आणि ढगाळ दिवशी बेत रद्द. उजाडताच चढायला लागा, ऊन तापायच्या आत खाली यायचं या हिशेबाने. माणशी निदान दोन लिटर पाणी, टोपी, आणि दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची सॅक. खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका, पायथ्याची माकडं हुशार आहेत. मुलं किंवा आई-बाबा बरोबर असतील तर पायथ्याशीच वीरभद्र आणि नरसिंहाची देवळं आहेत. तेवढ्यावरही दिवस छान जातो.

आणि दुखणं धरून चाला. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन पेलतात, त्यामुळे त्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त बाधतं. हे दुखणं उशिरा वर येतं. रविवारी गेलात तर सोमवारी वाटेल, एवढंच होय! मंगळवारी मात्र मेट्रो स्टेशनवर सरकता जिना कुठे आहे ते आधी बघून ठेवा.