नव्या सर्व्हरची गर्दी आणि गळती

(खेळामागचा खेळ : भाग ७)

त्र्यंबकेश्वरहून मुंबईचा सर्व्हर जवळ आणि सिंगापूरचा लांब. म्हणून मुंबईच्या सर्व्हरवर पिंग कमी लागतो, हे आपण गेल्या भागात पाहिलं. पण जवळचा, नवाकोरा, सगळ्यांना शून्यापासून सुरुवात करू देणारा सर्व्हरही काही महिन्यांत ओस पडतो. तो का, हे आज पाहू.

२००४ साली जर्मनीत सुरू झालेल्या ‘ट्रॅव्हियन’ या ब्राउझरवरच्या खेळात याचं उत्तर अगदी उघड दिसतं. तिथे प्रत्येक सर्व्हर हा ठरावीक महिन्यांचा एक डाव असतो. कुणाचं तरी ‘जागतिक आश्चर्य’ शंभराव्या पातळीला पोचलं की डाव संपतो आणि पुढे नवा सर्व्हर सुरू होतो. सुरुवातीला प्रत्येकाला एकच गाव मिळतं. लाकूड, माती, लोखंड, धान्य गोळा करायचं, कोठार वाढवायचं, सैन्य उभारायचं. पहिले काही दिवस नवख्यावर हल्ला करता येत नाही. हे संरक्षण उठलं की खरा खेळ सुरू होतो.

पहिल्या आठवड्यातच बरेच जण कंटाळून सोडून जातात. त्यांचं गाव मात्र नकाशावर राहतं आणि माल पिकवत राहतं. जुने खेळाडू अशा गावांची यादी करून दिवसातून अनेकदा लूट आणतात. त्यांच्या भाषेत ही गावं म्हणजे ‘फार्म’. लुटीतून सैन्य वाढतं, वाढलेलं सैन्य रोज खेळणाऱ्या पण कमजोर शेजाऱ्यावर जातं. रात्री झोपलेला हा शेजारी सकाळी उठतो तर कोठार रिकामं. असं चारदा झालं की तोही खेळ सोडतो आणि त्याचंही गाव फार्म होतं. मग त्याच्या वरच्या थरातल्या खेळाडूची पाळी येते. गळती अशी खालून वर सरकत जाते आणि शेवटी उरलेले बलाढ्य एकमेकांकडे बघत बसतात.

इथे सुरुवात समान असते हे खरं, पण तयारी समान नसते. मुरलेले गट सर्व्हर उघडण्याआधीच ठरवून येतात : नकाशाच्या कोणत्या कोपऱ्यात उतरायचं, कुणी धान्य पुरवायचं, कुणी लढायचं. एक खातं दोघांनी मिळून चालवायचं, म्हणजे एक झोपला तरी दुसरा जागा. पहिल्या दिवशी एकटा आलेला मुलगा अशा संघटनेपुढे काय टिकणार? तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो लोक निघतात. तिथे मागे पडलेल्याचं काही बिघडत नाही, त्याची फेरी त्याच्या चालीने पुरी होते. अशा सर्व्हरवर मात्र मागे पडलेल्याच्या जिवावरच पुढचा वाढतो. माझ्या मते दोष लुटणाऱ्याचा कमी आणि खेळ रचणाऱ्याचा जास्त आहे. हरणाऱ्याला उद्या परत यावंसं वाटेल अशी सोय त्याने करायला हवी.

बॅटल रॉयलमध्ये गळतीचं रूप वेगळं असतं. तिथे कोणी गाव लुटत नाही, पण लॉबी भरावी लागते. समजा, चार नकाशे आहेत. सोलो, ड्युओ, स्क्वॉड असे तीन प्रकार. आणि ब्राँझपासून कॉन्कररपर्यंत आठ दर्जे. या झाल्या ९६ रांगा. प्रत्येक रांगेत शंभर जणांची एक लॉबी भरायची तर त्याच क्षणी ९,६०० माणसं हवीत. तेवढी नसली तर दर्जे एकत्र करावे लागतात किंवा बॉट घालावे लागतात. दर्जे मिसळले की नवखा कसलेल्यापुढे मरतो, बॉट भरले की कसलेला कंटाळतो. दोन्हीकडून माणसं गळतात. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तेव्हा त्याची पूर्वनोंदणी एक कोटीच्या वर गेली होती. हा आकडा मोठाच. पण कुठल्याही नव्या खेळाची खरी परीक्षा भर दुपारी दोन वाजता लॉबी किती सेकंदांत भरते, इथेच होते.

आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण ‘बीजीएमआय’चं. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली आणि २ जुलै २०२१ रोजी भारतासाठी वेगळा खेळ सुरू झाला. क्राफ्टन कंपनीने जुन्या खात्यातला साठा नव्यात आणायची मुभा दिली, म्हणून जुने खेळाडू रिकाम्या हाताने आले नाहीत. जुलै २०२२ मध्ये हा खेळही ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि २९ मे २०२३ रोजी परतला, तोही तीन महिन्यांच्या परीक्षेवर आणि अल्पवयीनांना दिवसाला तीनच तास, या अटीवर. इतक्या खंडानंतरही खेळाडू परतले. नवे खेळ हाताशी असूनही ते परतले, कारण त्यांचा स्क्वॉड तिथे होता. माणूस नकाशासाठी येतो आणि सोबत्यांसाठी टिकतो.

गळती थांबवायचा या खेळांतला खरा उपाय म्हणजे सीझन. दर थोड्या महिन्यांनी सगळ्यांचा दर्जा खाली आणायचा आणि चढाई पुन्हा सुरू करायची. नव्या सर्व्हरची ओढही मिळते आणि गर्दीही फुटत नाही. पण सर्वांत वरचं बक्षीस मोजक्यांनाच, म्हणून रात्ररात्र ‘पुश’ चालतो. शाळकरी मुलांच्या बाबतीत हे मला काळजीचं वाटतं.

त्र्यंबकच्या तरुण वाचकांना एवढंच सांगतो. नवा सर्व्हर जरूर खेळा, एकटे न जाता चार मित्र घेऊन जा. मात्र पहिल्या आठवड्यात, गर्दीच्या भरात खिशातला रुपयाही त्यावर घालू नका. तीन महिने जाऊ द्या, दुपारची लॉबी बघा, मग ठरवा.

(पुढील भागात : लॉबीतले बॉट ओळखायचे कसे)