शंखी गोगलगाय : रूपे अनेक, कूळ एक

शेतात सापडणाऱ्या शंखी गोगलगायींपैकी काही थोराड व गडद पट्ट्यांच्या, तर काही किरकोळ व फिकट शंखाच्या असतात. म्हणून त्या निरनिराळ्या जातींच्या आहेत, असे समजू नये. शंखाचा आकार व जाडी ही जमिनीतील चुना, ओलावा, खाद्य व दाटी यांवर पुष्कळशी अवलंबून असते. रंगाच्या फरकानेही जात बदलत नाही.

या प्राण्याचे मूळस्थान पूर्व आफ्रिका. १८४७ साली तो मॉरिशसहून कलकत्त्यास आणला गेला व पुढे माणसाच्याच हातून पसरला. आफ्रिकेबाहेरील गोगलगायींच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, तेव्हा बहुतेक देशांत एकच मातृवंश आढळला. थोडक्या जिवांपासून एवढी प्रजा होण्याचे कारण असे की, प्रत्येक गोगलगायीत नर व मादी अशी दोन्ही अंगे असतात, आणि समागमानंतर रेत कित्येक महिने साठून राहते. रोपांच्या मातीतून आलेली एखादी गोगलगायदेखील नवे शिवार व्यापू शकते. २०२२ साली लातूर व बीडकडील सोयाबीनची कोवळी रोपे तिने फस्त केली, हे सर्वांस ठाऊक आहे.

तेव्हा लहान, फिकट दिसणारीही सोडू नये. सायंकाळी बांधालगत ओली गोणपाटे पसरावीत. सूर्योदयापूर्वी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात व मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात.